हृदयाचे औषध आणि आतड्याचा पहारा

हृदयासाठी घेतलेली गोळी हृदयाकडे जाते, असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः ती आधी जठरात जाते, तेथून लहान आतड्यात उतरते, आणि आतडे तिचा जितका भाग आत घेईल तितकाच पुढे रक्तातून हृदयापर्यंत पोचतो. आतडे ही काही नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतीत आणि तिच्या पोकळीत अहोरात्र राबणारी विकरे आहेत. विकर म्हणजे ज्याला इंग्रजीत एन्झाइम म्हणतात तो पदार्थ; स्वतः खर्ची न पडता शरीरातील रासायनिक क्रिया फार जलद घडवून आणणारा. भाकरीचा घास बराच वेळ चघळला म्हणजे गोड लागू लागतो. लाळेतील एक विकर पिठाची साखर करते म्हणून तसे होते. हृदयाची लय सांभाळणारे औषध आतड्यातील विकरांवर काय परिणाम करते, आणि ती विकरे उलट औषधाचे काय करतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकावयास रसायनशास्त्राचा वाटेल. पण त्याचा शेवट आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यापाशीच होतो.

हृदयाच्या लयीवर अनेक औषधे आहेत. त्यांपैकी एक जुने आणि अजूनही वापरात असलेले औषध म्हणजे डिगॉक्सिन. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या काही माणसांच्या हृदयाच्या झडपा पुढे आखडतात. मग हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, आणि नाडी वेडीवाकडी व फार जलद चालते. अशा वेळी खालच्या कप्प्यांवरील घाई कमी करण्यासाठी, तसेच थकलेल्या हृदयाला जोर यावा म्हणून, डॉक्टर डिगॉक्सिन देतात. नेहमीच्या गोळीत हे औषध असते पाव मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. इतक्या थोड्या मात्रेत जे उपकार करते, त्याची मात्रा थोडी वाढली तर अपकार करावयासही ते चुकत नाही. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यामधील अंतर या औषधात फारच अरुंद आहे.

या औषधाचे आणि आतड्याचे नाते प्रथमपासूनच डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग नावाच्या वैद्याने १७७५ साली सर्वांगसुजेवरील एका घरगुती काढ्याची हकीकत ऐकली. त्या काढ्यात वीसेक वनस्पती होत्या; परंतु खरे काम करणारी वनस्पती फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, हे त्याने ओळखले. दहा वर्षे रोग्यांची निरीक्षणे करून १७८५ साली त्याने ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्रा अधिक झाली की ओकारी होते, जुलाब लागतात, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात आणि नाडी मंदावते, हे त्यात नमूद आहे. लघवी, जठर, नाडी किंवा आतडे यांपैकी कशावरही परिणाम दिसताच औषध थांबवावे, असा नियमही त्याने घालून दिला. त्या काळी रक्तातील औषध मोजण्याचे साधन नव्हते. रोग्याचे पोट हेच वैद्याचे मापयंत्र होते. पुढे १९३० साली सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने लोकरी पानांच्या डिजिटॅलिसपासून शुद्ध डिगॉक्सिन वेगळे केले.

पण हे औषध शरीरात नेमके कशाला जाऊन धरते? या प्रश्नाचे उत्तर मिळावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १९५३ साली शाट्झमान या स्विस शास्त्रज्ञाला असे दिसले की, डिजिटॅलिसच्या जातीची द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशींमधील सोडियम आणि पोटॅशियम या क्षारांची ने-आण बंद पाडतात. १९५७ साली डेन्मार्कमधील आर्हूस येथील येन्स स्कोउ याने खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंत एक विकर शोधून काढले. पुढच्या वर्षी व्हिएन्ना येथील परिषदेत रॉबर्ट पोस्ट या अमेरिकन संशोधकाने त्याला विचारले की, तुमचे हे विकर औबेनने, म्हणजे डिजिटॅलिसच्याच गोत्रातील एका द्रव्याने, थांबते काय? स्कोउने आपल्या प्रयोगशाळेला दूरध्वनी करून प्रयोग करावयास सांगितले. विकर थांबत होते. या शोधाबद्दल स्कोउला १९९७ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शोध आणि सन्मान यांच्यामध्ये चाळीस वर्षे गेली!

या विकराला आपण सोयीसाठी सोडियमचा पंप म्हणू. होडीच्या तळाशी पाणी झिरपत असते आणि नावाडी ते सतत उपसून बाहेर टाकीत असतो, तसे हे विकर पेशीत शिरणारे सोडियम उपसून बाहेर टाकते. दर खेपेस सोडियमचे तीन कण बाहेर आणि पोटॅशियमचे दोन कण आत, असा त्याचा हिशेब आहे. हृदयाच्या स्नायूत डिगॉक्सिन यांपैकी काही पंपांना अडवून धरते. मग पेशीत सोडियम किंचित साचते, त्यापाठोपाठ कॅल्शियमही अधिक राहते, आणि कॅल्शियम वाढले की स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. शिवाय मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या एका मज्जातंतूचा लगाम हे औषध आवळते, आणि नाडीची घाई कमी होते.

आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा पंप काही एकट्या हृदयाची मिरास नव्हे. तो शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, आणि आतड्याच्या अस्तरात तर त्याच्यावर फार मोठे काम सोपविलेले आहे. अन्नातील साखर आतड्याच्या पेशीत आपण होऊन शिरत नाही. सोडियमचा हात धरून ती आत येते. रॉबर्ट क्रेन याने १९६० साली प्राग येथे ही कल्पना मांडली. आत आलेले सोडियम पंपाने सतत उपसले, तरच पुढचे सोडियम आणि त्याबरोबरची साखर आत येऊ शकते. त्यांच्या मागोमाग पाणीही येते. जुलाबात साखर-मिठाचे पाणी का गुणकारी ठरते, याचे रहस्य येथेच आहे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधील बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पटकीच्या रोग्यांना हे पाणी पाजले, आणि जेथे शंभरांतील तीसपर्यंत रोगी दगावत होते तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आणले. त्या यशामागे आतड्याच्या पेशीतील हाच पंप उभा होता.

साहजिकच प्रश्न येतो की, हृदयाची गोळी आतड्यातील पंपही बंद पाडते काय? प्रयोगशाळेत आतड्याचा तुकडा घेऊन त्याच्या रक्ताकडील बाजूस या जातीचे द्रव्य पुरेसे लावले, तर साखरेचे शोषण खरोखर थांबते. पण अन्नाकडील बाजूस ते लावले तर विशेष काही घडत नाही. कारण पंप बसविलेला असतो रक्ताकडील भिंतीत. म्हणूनच आतड्याच्या पोकळीतून जाणाऱ्या गोळीपासून तो बराचसा सुरक्षित राहतो. नंतर रक्तातून जे औषध त्याच्यापर्यंत पोचते ते, मात्रा योग्य असेल तर, इतके थोडे असते की अन्नाच्या पचनात सहसा बाधा येत नाही. मात्रा वाढल्यावर जी मळमळ होते तीही मुख्यतः मेंदूतील ओकारीच्या केंद्रावर औषधाचा परिणाम झाल्यामुळे होते. तात्पर्य, डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसाची अन्नावरील वासना एकाएकी उडाली, मळमळू लागले, जुलाब सुरू झाले, तर "पित्त झाले असेल" असे म्हणून गप्प बसू नये. विदरिंगने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी जी सूचना ओळखली, तीच ही असू शकते.

आतापर्यंत औषधाने विकराचे काय केले ते पाहिले. आता उलट बाजू पाहू. आतड्याच्या भिंतीत दुसरा एक पंप आहे. त्याचे काम पहारेकऱ्याचे. परकी द्रव्ये आत शिरली की त्यांना धरून पुन्हा आतड्याच्या पोकळीत लोटून देणे, हा त्याचा धर्म. डिगॉक्सिन हे त्याच्या यादीतील एक परके द्रव्य होय. गोळीचा काही भाग तो परत फिरवितो, आणि डॉक्टरांची मात्रा हा तोटा जमेस धरूनच ठरलेली असते. पण हा पहारेकरी दुसऱ्या औषधांच्या भिडेला बळी पडतो. हिवतापावरील कोयनेल आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. त्याचेच एक भावंड क्विनिडिन. तेही हृदयाच्या लयीवरीलच औषध. १९७८ साली असे आढळले की, डिगॉक्सिन घेणाऱ्या रोग्याला क्विनिडिन दिले म्हणजे रक्तातील डिगॉक्सिन सुमारे दुप्पट होते. कारण पुढे उलगडले. क्विनिडिन या पहारेकऱ्याला आतड्यात आणि मूत्रपिंडातही गुंतवून ठेवते. त्यामुळे डिगॉक्सिन आत अधिक येते आणि बाहेर कमी जाते. लयीसाठीच दिले जाणारे अमिओडारोन आणि वेरापामिल हेही डिगॉक्सिनचे प्रमाण वाढवितात. एकाच हृदयाची दोन औषधे अशी आतड्याच्या दारात एकमेकांना भेटतात, आणि रोग्याला त्याची गंधवार्ताही नसते.

उलट प्रकारही घडतो. क्षयरोगावरील रिफांपिसिन हे औषध आपल्या देशात लाखो लोक घेतात. ते या पहारेकऱ्यांची संख्याच वाढविते. निरोगी स्वयंसेवकांच्या आतड्याच्या अस्तराचे सूक्ष्म तुकडे तपासून १९९९ साली जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की, रिफांपिसिन चालू असताना हे पंप सुमारे साडेतीन पट झाले आणि तोंडाने दिलेले डिगॉक्सिन रक्तात कमी पोचले. आता कल्पना करा, एखाद्या गृहस्थाला हृदयाचा विकार आहे आणि त्यातच क्षयाचे उपचार सुरू झाले. गोळी तीच, वेळ तीच, पण नाडी पुन्हा धावू लागते. घरच्यांना वाटते, रोग वाढला. आणि क्षयाचे औषध संपल्यावर पहारा सैल होतो. तेव्हा मधल्या काळात वाढविलेली मात्रा जर तशीच चालू ठेवली, तर तीच विषारी ठरते.

या कथेतील सर्वांत नवलाचा भाग मात्र आतड्यात वस्ती करून असणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा आहे. त्यांची विकरे आपल्या शरीराने बनविलेली नसतात. पण ती काम करतात आपल्याच पोटात. १९८१ साली न्यूयॉर्कमधील लिंडेनबॉम आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, दर दहांतील सुमारे एका रोग्याच्या आतड्यातील जंतू डिगॉक्सिनचा मोठा हिस्सा निकामी करून टाकतात. हे जंतू औषधाच्या रेणूला हायड्रोजन जोडतात आणि मग ते औषध हृदयातील पंपाला घट्ट धरू शकत नाही. अशा माणसांना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन ही जंतुनाशके दिल्यावर रक्तातील डिगॉक्सिन दुपटीपर्यंत चढले. कारण औषध नासणारे जंतूच दबले गेले होते. घसा दुखतो म्हणून घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम हृदयावर व्हावा, हे वरवर पाहता कोणाला खरे वाटेल?

याच मालिकेतील एक अभ्यास आपल्या दक्षिण भारतात झाला. वेल्लोरचे डॉ. मथान आणि न्यूयॉर्कचे संशोधक यांनी तो १९८९ साली प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या निरोगी माणसांपैकी शेकडा ३६ जणांच्या आतड्यात डिगॉक्सिन निकामी होत होते. दक्षिण भारतीयांत हे प्रमाण शेकडा १४ च्या आसपास भरले. भारतीयांतही शहरात राहणाऱ्यांत ते शेकडा २३ च्या जवळपास, तर खेडुतांत शेकडा ५ हूनही कमी. विशेष असे की, ज्यांच्या शरीरात औषध निकामी होत नव्हते अशा भारतीयांपैकीही कित्येकांच्या आतड्यात ते काम करू शकणारे जंतू होतेच. म्हणजे जंतू असणे ही एक गोष्ट, आणि त्यांचे विकर जागे होऊन काम करणे ही दुसरी.

विकर जागे कशाने होते? याचा उलगडा २०१३ साली अमेरिकेत पीटर टर्नबॉ यांच्या प्रयोगशाळेत झाला. एगर्थेला लेंटा हा तो जंतू. त्याच्या काही जातींत औषध निकामी करणाऱ्या विकराची जनुके असतात, काहींत ती नसतात. ज्यांत ती आहेत त्यांच्याजवळ डिगॉक्सिन आले की ती जनुके शंभरपटीहून अधिक जोमाने काम करू लागतात. औषधच आपल्या वैऱ्याला हाक मारून उठविते, असे म्हणावयास हरकत नाही! उलट आर्जिनिन नावाचे प्रथिनातील एक द्रव्य मुबलक असले, तर हे विकर मंदावते. प्रथिनयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात म्हणूनच डिगॉक्सिन अधिक आढळले. प्रयोग उंदरांवरील आहे. तेव्हा कोणी त्यावरून आपला आहार वा मात्रा बदलू नये. परंतु अन्न, जंतू आणि औषध ही तिन्ही एकाच साखळीत गुंफलेली आहेत, एवढे त्यावरून निश्चित कळते.

हे सारे ज्ञान आपल्या भागात कोठे उपयोगी पडते ते पाहू. गोदावरीकाठचे बासर हे सरस्वतीचे क्षेत्र पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. पलीकडे नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद लागते. मुलांना पहिले अक्षर गिरवावयास येथे आणतात, आणि मुलांबरोबर आजी-आजोबाही येतात. प्रवासात पाणी बदलते, जेवण बदलते आणि जुलाब लागतात. निरोगी माणूस दोन दिवसांत सावरतो. पण ज्या आजोबांना डिगॉक्सिन चालू आहे, त्यांची गोष्ट निराळी. जुलाबावाटे पोटॅशियम निघून जाते. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन हे सोडियमच्या पंपापाशी एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. एक कमी झाला की दुसऱ्याचा जोर चढतो. शरीरातील पाणी घटले की मूत्रपिंडातून औषध बाहेर पडण्याचे कामही मंदावते. त्यातच कोणी दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणून दिल्या, तर पोटातील जंतूंचा अंकुशही जातो. अशा रीतीने एकही गोळी जास्त न घेता मात्रा विषाच्या पायरीवर पोचू शकते.

याच परिसरात आणखी एक सावधगिरी हवी. देवळांच्या आवारात, अंगणात आणि कुंपणाला कण्हेर फुललेली असते. पिवळी कण्हेर, जिला कोठे कोठे बिट्टी म्हणतात, तिच्यात आणि माळरानावरील रुईतही डिजिटॅलिसच्या गोत्रातील द्रव्ये आहेत. तीही त्याच सोडियमच्या पंपाला धरतात. ही फुले देवाला वाहावीत. पण त्या झाडांचे पान, मूळ, बी वा चीक घरगुती औषध म्हणून कोणीही पोटात घेऊ नये, आणि लहान मुलांना बियांशी खेळू देऊ नये. गोळीत औषध मोजून भरलेले असते. झाडात ते किती आहे हे कोणी मोजलेले नसते.

मग करावे काय? डिगॉक्सिन घेणाऱ्याने गोळीचे नाव आणि मात्रा एका चिठ्ठीवर लिहून ती सदैव जवळ बाळगावी. नवे औषध घेण्यापूर्वी, मग ते क्षयाचे असो, जंतुनाशक असो की पित्तावरील साधे चूर्ण असो, ती चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. औषध थांबवितानाही सांगावे. कारण पहारेकरी येण्याइतकेच पहारेकरी उठून जाणेही महत्त्वाचे असते. मळमळ, अरुची, जुलाब, पिवळसर दिसणे किंवा नाडी फार मंदावणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पुढची गोळी घ्यावी की नाही ते डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने वाढवू नये, तसेच बरे वाटते म्हणून कायमची सोडूनही देऊ नये. जुलाबात साखर-मिठाचे पाणी किती द्यावयाचे, हेही दुर्बळ हृदयाच्या माणसाने डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. आणि शेजाऱ्याला मानवलेली मात्रा आपल्याला मानवेल, असे तर कधीच धरून चालू नये. कारण दोघांची हृदये सारखी असली तरी दोघांची आतडी सारखी नसतात.

आपल्या घरी ज्या वृद्ध माणसाला अशी गोळी चालू असेल, त्याला पुष्कळदा चिठ्ठीवरचे अक्षर दिसत नाही किंवा वाचता येत नाही. घरातील शाळकरी मुलाला मात्र ते येते. आजच संध्याकाळी त्या मुलाकडून ती चिठ्ठी तयार करवून घ्यावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.